विटी-दांडू, इंग्रजीतून

“ते पोरगी काकाजवळ उभी राहून काय पुटपुटून राह्यली व?”

“मंत्र म्हणत असन. पोट्ट्याइले नजर लागू नये म्हणून.”

शाळेच्या फाटकाबाहेर मुलांना न्यायला आलेल्या दोन बायांचं हे बोलणं. पुटपुटणारी पोरगी म्हणजे मी. मी मंत्र म्हणत नव्हते, ‘मेक अ सर्कल’ म्हणत होते. पण मैदानावर वारा होता, रस्त्यानं मेडशीची एसटी चालली होती, आणि माझा आवाज मुळातच असा आहे की समोरच्याला आपल्या मनात काहीतरी आल्यासारखं वाटतं. त्या बायांचं काही चुकलं नाही. त्यातल्या एकीनं तर जाताना मला नमस्कार केला.

आमची शाळा लहान होती, चौथीपर्यंतची, इंग्रजी माध्यमाची. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की इंग्रजीच बोलायचं, असा नियम. मी तिथे यूकेजीच्या वर्गावर लागले होते. मुलाखतीत मी फारसं बोलले नाही, आणि मुख्याध्यापिका मॅडमनी ते शिस्तीत धरलं. मी लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकलेली. इंग्रजीत गप्प बसणं आणि मराठीत गप्प बसणं यात बाहेरून फरक दिसत नाही, पण मॅडमना तो दिसला असावा.

त्या वर्षी वाशिममधल्या कुठल्याशा शाळेनं लहान मुलांसाठी स्केटिंग सुरू केल्याची बातमी आली. आमच्याकडे स्केटिंगला लागते तशी फरशी नव्हती. मैदान होतं, अर्धं मुरमाचं, अर्धं मातीचं, आणि कुंपणापलीकडे तूर. शिवाय मॅडमच्या घरी त्यांचे काकासासरे होते. तरुणपणी त्यांनी तालुक्यातली मैदानं गाजवली होती, आणि आता ते दिवसभर घरात बसून भाजीला फोडणी कशी द्यावी इथपासून सगळं सगळ्यांना सांगायचे. मॅडमनी दोन अडचणी एकमेकींना जोडून टाकल्या. दर शनिवारी सकाळी यूकेजीला खेळाचा तास, आणि शिकवणार काका.

पालकसभेत मॅडमनी समजावून सांगितलं की खेळानं नुसतं शरीर नाही, गणित सुधारतं, भाषा सुधारते, विज्ञान, चित्रकला, सगळंच सुधारतं. मागच्या रांगेतल्या एका वडलांनी हात वर करून विचारलं, मंग बाकीचे तास कायले ठेवले? मॅडम म्हणाल्या, नेक्स्ट क्वेश्चन.

अडचण एकच होती. काकांना इंग्रजी येत नव्हतं, आणि फाटकाच्या आत इंग्रजीच बोलायचं होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. अशी मी दुभाषी झाले.

काकांनी वऱ्हाडीत सांगायचं आणि मी शेजारी उभं राहून ते मुलांना इंग्रजीत सांगायचं. मुलं सगळी आसपासच्या गावांतली, घरी वऱ्हाडीच बोलणारी. काकांचं त्यांना पहिल्या शब्दात कळायचं. माझं मात्र कुणालाच कळत नव्हतं. काका म्हणायचे, पोट्टेहो, गोल करा. मी वाक्य जुळवेपर्यंत गोल होऊन मोडलेला असायचा आणि त्यातलं एक पोरगं रडत असायचं. पण मॅडमच्या ऑफिसची खिडकी मैदानावर उघडत होती, त्यामुळे माझे ओठ हलणं आवश्यक होतं.

काका याबाबतीत अतिशय सभ्य होते. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे, माझ्याकडे वळायचे आणि कुणाची पूजा संपायची वाट पाहावी तसे हात जोडून उभे राहायचे. त्यांना एकच शंका होती, की मी त्यांचं बोलणं कापते. एकदा एक मुलगा जागेवर बसेना, तेव्हा त्यांनी त्याच्या बुडाखाली काटे आहेत काय, का मुंग्यांनी वारूळ केलं, याची सविस्तर चौकशी केली. मी म्हटलं, प्लीज सिट प्रॉपर्ली.

“मिसबाई,” काका म्हणाले, “त्यातले काटे कुठी गेले?”

पुढच्या वेळी मी काटे घातले. मुंग्या मात्र राहूनच गेल्या.

काका आणि मॅडम यांच्यातही दुभाषी मीच होते, आणि तिथे तर दोघांची भाषा एकच होती. काका जुन्या वळणाचे. सून खुर्चीवर बसली आहे त्या खोलीत सासऱ्यानं शिरायचं नाही, आणि चारचौघांत तिचं बोलणं खोडायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. खोडलं आणि तिनं ऐकलं तर शाळेत तिचा मान जातो, नाही ऐकलं तर घरी आपला, असा त्यांचा हिशेब. म्हणून ते ऑफिसच्या दारापर्यंत येऊन खोकायचे. एकदा खोकले म्हणजे आलो आहे, दोनदा म्हणजे काम आहे. मग मॅडम आतून म्हणायच्या, त्यांना सांगा, चहा ठेवलाय. आणि काका बाहेरून म्हणायचे, मॅडमले सांगा, साखर कमी. मधे मी. मी दोन्हीकडे मान हलवायची. चहा बरोबर कमी साखरेचा यायचा.

काकांनी पहिले काही शनिवार धावणं, लंगडी आणि लगोरी घेतली. मग एके दिवशी ते पिशवीतून विटी आणि दांडू घेऊन आले. मॅडमनी माझ्यामार्फत निरोप पाठवला की हे धोक्याचं आहे. काकांनी सुताराकडून विटीची टोकं बोथट करून आणली आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. ती विटी इतकी जाड झाली की तिला मारलं तर ती उडायच्या आधी विचार करायची. मॅडमनी परवानगी दिली.

या खेळात मला पहिल्यांदा सुटी मिळाली. विटी जिथे पडेल तिथून खड्ड्यापर्यंतचं अंतर दांडूनं मोजायचं असतं, आणि ते मोजायचे आकडे वेगळे असतात. मला ते माहीत नव्हते. माझ्या इंग्रजी शाळेत हा खेळ नव्हता. काका दांडू जमिनीवर एकापुढे एक ठेवत निघाले, “वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोया, झकू.” मी तोंड उघडलं आणि वन म्हटलं. काकांनी हात वर केला.

“मिसबाई, याचं इंग्रजी नसते.”

मला मात्र ते आकडे ओळखीचे वाटले. हॉस्टेलमध्ये माझी रूममेट तेलुगू होती. कपडे मोजताना ती ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु असं काहीतरी म्हणायची. म्हणजे आमच्या इंग्रजी शाळेत वऱ्हाडी काका मुलांना तेलुगू आकडे शिकवत होते, आणि हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. मॅडमना कळलं असतं तर त्यांनी फलकावर तिसरी भाषा म्हणून लिहिलं असतं.

हे आकडे सातच असतात. सात झाले की पुन्हा वकट. आणि शेवटी जो आकडा येईल, त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. काकांच्या खेळात वकट आला तर विटी पायाच्या बोटांवर ठेवायची, लेंड आला तर दोन बोटांच्या चिमटीत, मुंड आला तर मुठीवर. दुसऱ्या गावात वेगळं असेल. डोया आला तर विटी खरं म्हणजे डोळ्यावर ठेवतात, पण ते मॅडमनी खिडकीतून पाहिलं, म्हणून आमच्याकडे डोया आला की नुसता एक डोळा मिटून टोला मारायचा. बऱ्याच मुलांना एकच डोळा मिटता येत नव्हता. ती दोन्ही मिटून मारायची आणि विटी जागेवरच राहायची. काका म्हणायचे, बेस.

सातच्या पुढे मोजणं विसरू नये म्हणून काकांनी एक युक्ती शिकवली होती. झकू झाला की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. पुन्हा झकू, आणखी एक बोट. म्हणजे एक बोट मिटलेलं आणि वर मुंड, तर सात आणि तीन. यूकेजीची मुलं हे सगळं दोन शनिवारांत शिकली. वर्गात मी त्यांना सात आणि तीन दहा हे फळ्यावर रंगीत खडूनं फुगे काढून शिकवत होते, आणि ती फुग्यांचे रंग सांगत होती.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील गावालगत नाल्याकाठी भाजीपाला लावायचे. सकाळी ती वडलांच्या गाडीवर कोथिंबिरीच्या गाठोड्यांमध्ये बसून यायची, आणि पहिल्या तासाला वर्गभर कोथिंबिरीचा वास असायचा. ती बोलत नसे. हजेरीला ‘प्रेझेंट मिस’ म्हणायचं असतं, ते ती हात वर करून भागवायची. मला ते पुरत होतं. मॅडमना पुरत नव्हतं.

खेळाच्या तासालाही ती आधी कडेला उभी असायची. मग दांडू हातात आला आणि तिला मोजायचं वेड लागलं. टोला मारण्यात तिला रस नव्हता. कुणीही विटी मारली की ही दांडू घेऊन मोजायला धावायची, ओठांतल्या ओठांत म्हणत, बोटं मिटत. मग तिनं व्हरांडा मोजला. घसरगुंडी मोजली. एका मधल्या सुटीत तिनं मला भिंतीला उभं केलं आणि पायापासून वर मोजायला घेतलं. कमरेच्या वर तिचा हात पोचेना, तेव्हा ती माझ्याकडे पाहत थांबली. मी खाली बसले. तिनं मान हलवली. बसलेलं माणूस मोजण्यात अर्थ नाही, हे तिला माझ्याआधी कळलं.

एका शनिवारी एका मुलानं घरून स्वतःचा दांडू आणला. तो लांब होता. त्यानं अंतर मोजलं तर ते कमी भरलं, आणि भांडण लागलं. अर्धी मुलं म्हणाली हा चोर आहे, अर्धी म्हणाली आधीचं मोजमाप खोटं. काका न्याय करायला निघाले, तेवढ्यात ही पुढे आली, दोन्ही दांडू जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, “तुया दांडू मोठा हाये, म्हनून कमी भरते.”

वर्ष निम्मं संपलं होतं आणि तिचं पूर्ण वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ते वाक्य मला आठवीत विज्ञानाच्या पुस्तकात भेटलं होतं, आणि मी ते पाठ केलं होतं, समजलं नव्हतं. मी दुभाषी असूनही त्याचं इंग्रजी केलं नाही. खिडकीकडे पाहिलं, मॅडम फोनवर होत्या.

हळूहळू इतर मुलांचंही काही काही पुढे सरकत होतं. खड्ड्याभोवती गोल काढता काढता त्यांचा ‘ओ’ गोल झाला. काकांच्या मैदानात दिशा होत्या, उगवतीकडे पळ, मेडशीकडे पळ, नाल्याकडे नको जाऊ. सोयाबीन काढणीच्या दिवसांत हवेत भुसा उडायचा, तेव्हा वारा कुठून येतो आणि विटी कुठे वळते यावर पैजा लागायच्या. वर्गानं आपण होऊन बोललेलं पहिलं इंग्रजी वाक्य ‘नॉट आउट’ हे होतं. ते सगळ्यांना स्वच्छ यायचं, खरोखर आउट असतानाही.

फेब्रुवारीत मॅडमनी सांगितलं की त्या मुलीला आणखी एक वर्ष यूकेजीतच ठेवावं लागेल. बोलत नाही, काही मोजून दाखवत नाही. तोंडी परीक्षा होईल, पण ती आपली रीत म्हणून.

ही बातमी तिच्या घरी पोचली असावी. दुसऱ्या दिवशी तिची आई मला फाटकाशी भेटली. बाजारातून तशीच आली होती, पदराला माती. तिनं सांगितलं, घरात आजोबांनी ठरवून टाकलंय. एकाच वर्गात दोनदा बसायचं तर शाळा कायले, घरी बसंन, मेथीच्या जुड्या तरी बांधंन. आजोबांचं ठरलं की ठरलं. तिनं माझ्याकडे मागितलं काही नाही. फक्त विचारलं, “घरी तं दिवसभर मोजते व, बाई. इथं काहून नाही मोजत?”

मी मान हलवली. मान हलवण्याचा मला सराव होता.

त्या आठवड्यात मी मॅडमच्या ऑफिसच्या दाराशी एकदा गेले. वाक्य तयार करून नेलं होतं, इंग्रजीतून, कर्मणी प्रयोगात. मॅडम म्हणाल्या, येस? मी म्हटलं, खडू संपलेत. खडू संपले नव्हते. मॅडमनी मला दोन डबे दिले. ते मी कपाटात आधीच्या डब्यांशेजारी ठेवले.

तोंडी परीक्षा ऑफिसमध्येच होती. मॅडम खुर्चीवर, मुलगी टेबलासमोर, तिची आई भिंतीशी, मी कपाटाजवळ. टेबल लांबलचक, सागवानी, मॅडमच्या सासऱ्यांनी दिलेलं. बाहेर काका एकदा खोकले. आलो आहे.

रंग विचारले, ती गप्प. फळं विचारली, ती गप्प. आईनं भिंतीशी उभ्या उभ्या सगळ्या फळांची नावं मनातल्या मनात म्हटली असावीत, तिचे ओठ हलत होते. मग मॅडमनी नव्या पेन्सिलींचा डबा उघडला. एकेक पेन्सिल तिच्या हातात देत जायचं आणि तिनं मोजायचं, असा त्यांचा बेत असणार. त्या मनानं वाईट नव्हत्या, बेत सोपाच होता. त्यांनी पहिली पेन्सिल तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, काउंट.

मुलीनं पेन्सिलीकडे पाहिलं. मग टेबलाकडे. हातात काठी दिली आणि मोज म्हटलं, तर काय करायचं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती टेबलाच्या टोकाला गेली, पेन्सिल कडेला लावून आडवी ठेवली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, “वकट.”

मग लेंड, मुंड, नाल. वाटेत फुलदाणी आली, ती तिनं बाजूला सारली. मॅडमच्या चहाचा कप आला, तो मॅडमनीच घाईनं उचलला. आर, डोया. डोयाला तिनं सवयीनं एक डोळा मिटला. झकू म्हणताना डाव्या हाताची करंगळी मिटली, आणि पुन्हा वकट. टेबलाचं दुसरं टोक आलं.

“लेंड,” ती म्हणाली. मोठ्यानं, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग लेंडला करायचं ते केलं. पेन्सिल दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि टोला मारायला दांडू शोधू लागली.

मॅडमनी कप खाली ठेवला. या मुलीच्या तोंडून वर्षभरात त्यांना नीट ऐकू आलेला हा पहिला शब्द होता, आणि तो त्यांना शिवीसारखा वाटला. मॅडम अमरावतीच्या, कॉलनीत वाढलेल्या, त्यांच्याही शाळेत विटी-दांडू नव्हता.

“लेंड काय?” त्या म्हणाल्या. इंग्रजी विसरून. “कोणी शिकवलं हे?”

बाहेर काका दोनदा खोकले. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बाहेरून कुणालाही वाटलं असतं की म्हाताऱ्याला ठसका लागला. मला ते व्यवस्थित समजत होतं, पण सासरा उंबऱ्याच्या आत येणार नव्हता आणि चारचौघांत सुनेचं खोडणारही नव्हता. आईनं तिचा खेळ ओळखला होता, तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. पण मुख्याध्यापिकेसमोर विटी-दांडूचं नाव कसं घ्यायचं, म्हणून ती एवढंच म्हणाली की घरी आमी असं नाही बोलत जी. मग मुलीला म्हणाली, चाल बाप्पा, झालं.

मुलगी हलली नाही. ती डावा हात वर धरून उभी होती, करंगळी मिटलेली, बाकीची बोटं ताठ. ती मॅडमना दाखवत होती. मॅडमना वाटलं ती काहीतरी मागते आहे. त्यांनी पेन उचललं.

मी कपाटापासून म्हटलं, एक्सक्यूज मी. कुणाला ऐकू गेलं नाही. ते मी इंग्रजीत म्हटलं होतं, आणि नेहमीच्या आवाजात. मॅडमच्या पेनाचं टोपण निघालं. आईनं मुलीचा हात धरला, तोच करंगळीचा हात, आणि ती मिटलेली करंगळी उघडू लागली.

मग मी टेबलाशी गेले. फाटकाच्या आत, ऑफिसमध्ये, मॅडमसमोर, बाहेरच्या काकांचा खोकला थांबेल इतक्या मोठ्यानं मी म्हटलं, “मॅडम, लिहू नका. पोरगी बरोबर मोजून राह्यली. एक झकू आन् वर लेंड म्हणजे नऊ, टेबल नऊ पेन्सिलींचंच हाये. तुमी मोजून पाहा.”